ऑल-व्हील ड्राइव्ह की रिअर-व्हील ड्राइव्ह? ट्रॅकवर कोण पुढे, आणि समृद्धीवर त्याचा किती उपयोग?

मोबाइलवर कार रेसिंगचा गेम खेळणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. गॅरेजमध्ये दोन गाड्या आहेत. एकीच्या माहितीत लिहिलंय एडब्ल्यूडी, दुसरीच्या माहितीत आरडब्ल्यूडी. पहिली स्टार्टला सुसाट सुटते. दुसरी सुटताना जरा अडखळते, पण वळणावर मजा तीच देते. मग खरी फास्ट कोणती?

मला हा प्रश्न गेममुळे पडला, पण त्याचं उत्तर आधी कळलं ते मामांच्या ट्रॅक्टरमुळे. नंतर एकदा हायवेवर पावसात अशी पाचर बसली, की त्या उत्तराचा राहिलेला अर्धा भागही कळला. आज दोन्ही सांगतो.

थोडक्यात उत्तर

घाई असेल तर एवढंच वाचा. इंजिनची ताकद दोन टायरांना पेलवत नसेल, तेव्हा ऑल-व्हील ड्राइव्ह जिंकते. म्हणजे स्टार्टला, हळू वळणातून बाहेर पडताना, पावसात आणि मातीवर. जिथे दोन टायरांना ताकद आरामात पेलवते, तिथे रिअर-व्हील ड्राइव्ह हलकी असल्यामुळे बरोबरी करते, कधी पुढेही जाते. आणि ब्रेक मारताना दोघींमध्ये काहीही फरक नाही. हे शेवटचं वाक्य सर्वात महत्त्वाचं आहे.

आधी व्याख्या

रिअर-व्हील ड्राइव्ह म्हणजे इंजिनची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जाते. पुढची चाकं वळवण्याचं काम करतात, मागची ढकलण्याचं.

ऑल-व्हील ड्राइव्ह म्हणजे ताकद चारही चाकांना जाते. किती पुढे आणि किती मागे, हे गाडी स्वतः ठरवते. त्यासाठी मध्ये डिफरन्शियल किंवा क्लच असतो, पुढच्या चाकांसाठी वेगळे शाफ्ट असतात. हा सगळा सामान वजनाचा आणि खर्चाचा असतो. उदाहरण द्यायचं तर ९९२ पिढीची पोर्शे ९११ कॅरेरा एस आणि तिचीच ऑल-व्हील बहीण कॅरेरा ४एस यांच्या वजनात साधारण ५० किलोंचा फरक आहे.

मामांचा ट्रॅक्टर काय शिकवतो

मी अंबड तालुक्यातला. आमच्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पाऊस पडला की तीच जमीन साबणासारखी होते. मामांचा ट्रॅक्टर साधा, म्हणजे मागच्या चाकांवर चालणारा. ओल्या रानात ट्रॉली ओढायला गेला की मागचं चाक जागेवर फिरायचं आणि स्वतःचाच खड्डा खणत खाली जायचं. इंजिनला ताकद कमी नव्हती. मातीला पकड नव्हती.

यावर मामांचा उपाय म्हणजे मागच्या टायरमध्ये पाणी भरायचं. मी लहानपणी विचारलं होतं, पाणी कशाला? मामा म्हणाले, "मागं वजनच न्हाई तर चाक धरंल कसं?"

अख्ख्या मोटरस्पोर्टचं पहिलं सूत्र हेच आहे. टायर रस्त्याला किती धरेल, हे त्याच्यावर किती वजन दाबतंय आणि जमीन कशी आहे, यावर ठरतं. इंजिन कितीही मोठं असो, टायर धरेल तेवढीच ताकद कामाची. बाकीची धुरात जाते.

दुसरी गोष्टही ट्रॅक्टरमध्ये दिसते. जोर लावला की त्याचं तोंड उचलतं. म्हणजे वजन मागे सरकतं. स्पोर्ट्स कारचंही तसंच आहे, फक्त ती बुटकी असल्यामुळे डोळ्यांना कमी दिसतं. ॲक्सिलरेटर दाबला की वजन मागे, ब्रेक दाबला की पुढे. मागच्या चाकांना ताकद देण्यामागचं मोठं कारण हेच. ज्या क्षणी ताकद लागते, त्याच क्षणी वजन आपोआप मागच्या टायरवर येतं.

शेजारच्या काकांनी नंतर फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घेतला. लिव्हर ओढली की पुढची चाकंही ओढायला लागतात. आमचा रुतला की काढायला त्यांचाच यायचा. चिखलात जिंकतो कोण, हा वाद आमच्या वस्तीवर तेव्हाच मिटला.

आता आकडे बघू

ट्रॅक्टरवरून ट्रॅकवर येऊ. समजा एक स्पोर्ट्स कार आहे. वजन १५०० किलो, ताकद ४०० एचपी, उभी असताना निम्मं वजन पुढे, निम्मं मागे. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.६ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच. रस्ता कोरडा आणि टायर चांगले, म्हणजे टायर आपल्यावरच्या वजनाइतकाच जोर धरू शकतो, असं धरू. हे सोपं केलेलं गणित आहे, खऱ्या गाडीत आणखी बऱ्याच गोष्टी येतात. पण चित्र स्पष्ट व्हायला पुरेसं आहे.

ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर मागच्या चाकांवर ७५० किलोऐवजी साधारण ९३० किलो वजन येतं. म्हणजे रिअर-व्हील गाडी जास्तीत जास्त ०.६२ जी इतका वेग पकडू शकते. ऑल-व्हील गाडीची चारही चाकं ओढतात, त्यामुळे ती १ जी पर्यंत जाऊ शकते. स्टार्टला एवढा मोठा फरक पडतो. गेममध्ये एडब्ल्यूडी सुसाट का सुटते, ते आता कळलं असेल.

पण थांबा. वेग वाढतो तसा इंजिनचा चाकावरचा जोर कमी होत जातो. ४०० एचपीची आपली गाडी ताशी ११५ ते १२० किलोमीटरच्या पुढे गेली, की सरळ रस्त्यावर ती मागचे दोन टायर फिरवूच शकत नाही. तेवढी ताकदच उरत नाही. तिथून पुढे ऑल-व्हीलचा सरळ रेषेतला फायदा शून्य. उलट तिचं जादाचं वजन मात्र सोबत राहतं.

आता तोच ट्रॅक ओला करा. पकड निम्मी झाली असं धरा. रिअर-व्हील गाडी फक्त ०.२८ जी पर्यंत येते, ऑल-व्हील ०.५ जी वर राहते. आणि गंमत पुढे आहे. ओल्या रस्त्यावर ४०० एचपीला दोन टायर फिरवता येतात ते ताशी अडीचशेच्या पुढेपर्यंत. म्हणजे कोरड्यात जो फायदा १२० ला संपत होता, तो पावसात जवळजवळ पूर्ण लॅपभर मिळतो. म्हणून पाऊस आला की ऑल-व्हीलवाला खूश आणि रिअर-व्हीलवाला घामाघूम.

वळणावर काय होतं

टायरची पकड ही पगारासारखी असते. महिन्याला जेवढी आहे तेवढीच. ती वळण्यावर खर्च करा, नाहीतर ओढण्यावर. दोन्ही एकदम पूर्ण मिळत नाही.

रिअर-व्हील गाडीत पुढच्या टायरचा अख्खा पगार वळण्यावर खर्च होतो. त्यामुळे गाडी वळणात पटकन तोंड घालते आणि स्टीअरिंग स्वच्छ वाटतं. पण बाहेर पडताना ॲक्सिलरेटर जास्त दाबला, तर मागच्या टायरचा पगार संपतो आणि गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते. याला म्हणतात ओव्हरस्टीअर. हेच मुद्दाम केलं आणि सांभाळलं तर ड्रिफ्ट, सांभाळता आलं नाही तर गाडी गरगर फिरते.

ऑल-व्हील गाडीत पुढच्या टायरला वळायचंही असतं आणि ओढायचंही. जोर जास्त झाला की पुढचे टायर हार मानतात, गाडी वळायचं सोडून सरळ बाहेर जायला लागते. हे अंडरस्टीअर. साध्या ड्रायव्हरसाठी हे कमी भीतीदायक, कारण गाडी फिरत नाही. पण लॅप टाइम जातो.

इतिहास: नियम बदलायला लावणारी गाडी

ऑल-व्हीलच्या इतिहासातलं सर्वात मोठं नाव आहे ऑडी क्वाट्रो. ऑडी हे नाव आपल्याला लांबचं नाही. जालन्याहून निघून बदनापूर, करमाड मागे टाकलं की शेंद्रा एमआयडीसी लागते. तिथल्या कारखान्यात ऑडीच्या गाड्या जुळवल्या जातात. क्वाट्रोचा बिल्ला असलेल्या क्यू५, क्यू७ सारख्या एसयूव्हीसुद्धा तिथून बाहेर पडल्या आहेत.

मूळची क्वाट्रो १९८० च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये आली. १९८१ पासून ती जागतिक रॅलीत उतरली. त्याच वर्षी फ्रान्सच्या मिशेल मूटोंनी तिच्यावर सॅनरेमो रॅली जिंकली. जागतिक रॅली जिंकणारी ती पहिली महिला. १९८२ आणि १९८४ चं निर्मात्यांचं विजेतेपद ऑडीकडे गेलं. माती, बर्फ, खडी असलेल्या रॅलीत दोन चाकांच्या गाड्यांचे दिवस भरले. आमच्या वस्तीवरच्या चिखलाचाच निकाल, फक्त मोठ्या मैदानावर.

मग ऑडी डांबरी ट्रॅकवर आली. १९८८ मध्ये अमेरिकेच्या ट्रान्स-ॲम मालिकेत ऑडी २०० क्वाट्रोने विजेतेपद मिळवलं, आणि पुढे तिथे ऑल-व्हील ड्राइव्हला दार बंद झालं. १९९६ मध्ये ए४ क्वाट्रोने एकाच वर्षी सात देशांच्या टूरिंग कार स्पर्धा जिंकल्या. मग तिच्यावर जादा वजन लादलं गेलं आणि नंतर त्या वर्गातून ऑल-व्हीलच हद्दपार झाली. जपानमध्ये निसान स्कायलाइन जीटी-आरने १९९० ते १९९३ या काळात ग्रुप ए च्या २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या होत्या.

मग फॉर्म्युला वनमध्ये ऑल-व्हील का नाही? प्रयत्न झाला होता. १९६१ मध्ये स्टर्लिंग मॉस यांनी फर्ग्युसन पी९९ या चारचाकी ड्राइव्हच्या गाडीवर ओल्या ओल्टन पार्कमध्ये शर्यत जिंकली. १९६९ मध्ये लोटस, मॅक्लारेन आणि मात्रा यांनीही तशा गाड्या आणल्या. पण गाड्या जड झाल्या, वळायला नाखूश झाल्या. त्याच काळात रुंद टायर आणि पंख आले. पंखांमुळे हवा गाडीला खाली दाबते. म्हणजे मामा टायरमध्ये पाणी भरायचे, तेच काम इथे हवा करते, वजन न वाढवता. मग पुढच्या चाकांना ताकद द्यायची गरजच उरली नाही. आज तर नियमच आहे की ताकद मागच्या चाकांनाच.

आपल्या देशात शिकाऊ रेसर ज्या गाड्यांवर घडतात, त्यातल्या बहुतेक सिंगल-सीटर रिअर-व्हीलच आहेत. मारुतीचं १३०० सीसी इंजिन लावलेली फॉर्म्युला एलजीबी घ्या, किंवा साधं गो-कार्ट. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटनमध्ये ज्या फॉर्म्युला थ्रीमध्ये उतरला, ती गाडीही मागच्या चाकांचीच.

ट्रॅकवरचा निकाल: स्टॉपवॉच काय म्हणतं

जर्मनीतला न्युरबर्गरिंग हा गाड्यांची परीक्षा घेणारा सर्वात प्रसिद्ध ट्रॅक. खाली चार गाड्या बघा. सगळ्यांची वेळ २०.६ किलोमीटरच्या त्याच लॅपची आहे.

ऑक्टोबर २०१६: लॅम्बोर्गिनी हुराकान परफॉर्मान्ते, ऑल-व्हील, ६ मिनिटं ५२.०१ सेकंद
सप्टेंबर २०१७: पोर्शे ९११ जीटी२ आरएस, रिअर-व्हील, ६ मिनिटं ४७.३ सेकंद
जुलै २०१८: लॅम्बोर्गिनी ॲव्हेंटाडोर एसव्हीजे, ऑल-व्हील, ६ मिनिटं ४४.९७ सेकंद
नोव्हेंबर २०२०: मर्सिडीज-एएमजी जीटी ब्लॅक सिरीज, रिअर-व्हील, ६ मिनिटं ४३.६१६ सेकंद

एकदा हा, एकदा तो. चार वर्षांत चार गाड्या आणि सगळा फरक नऊ सेकंदांच्या आत. पोर्शेचंच बघा ना. त्यांची ९११ टर्बो ऑल-व्हील आहे, पण ट्रॅकसाठी बनवलेली जीटी३ रिअर-व्हील. एकाच कंपनीला दोन्ही उत्तरं बरोबर वाटतात, कारण दोन्ही गाड्यांना विचारलेला प्रश्न वेगळा आहे.

इलेक्ट्रिक गाड्यांनी मात्र गणित बदललंय. पुढच्या ॲक्सलला एक मोटर लावली की झालं, मधला लांब शाफ्ट नको. आणि कोणत्या चाकाला किती ताकद द्यायची, हे सॉफ्टवेअर डोळ्याची पापणी लवायच्या आत ठरवतं. मर्सिडीज-एएमजी वन या हायब्रिड गाडीची पुढची चाकं विजेवर चालतात. २०२४ मध्ये तिने न्युरबर्गरिंगचा २०.८३२ किलोमीटरचा पूर्ण लॅप ६ मिनिटं २९.०९ सेकंदांत मारला. आणि तुमच्यातल्या अनेकांच्या खिशात ज्या कंपनीचा फोन आहे, त्या शाओमीची तीन मोटरची एसयू७ अल्ट्रा २०२५ मध्ये त्याच लॅपला ७ मिनिटं ४.९५७ सेकंदांत धावली. फोन बनवणारी कंपनी, पहिलीच गाडी, आणि चारही चाकांना ताकद.

आता ब्रेकची गोष्ट

इथपर्यंत सगळं मजेचं होतं. आता जरा नीट वाचा.

दोन वर्षांपूर्वी जूनचा पहिला मोठा पाऊस. मित्राच्या ऑल-व्हील एसयूव्हीत आम्ही चौघं होतो. हायवे मोकळा, काटा शंभराच्या पुढे. मी म्हणालो, जरा हळू घे. तो म्हणाला, "ऑल-व्हील आहे भावा, काही होत नाही." खरंच तोपर्यंत गाडी अशी रुळावर असल्यासारखी चालली होती की मलाही ते पटलं. मग समोर पाण्याच्या पडद्यातून ट्रकचे मागचे लाल दिवे दिसले. त्याने ब्रेक मारला. पायाखाली एबीएसची थरथर, आणि गाडी नुसती पुढे पुढे जातेय. ट्रकच्या मागे हातभर अंतरावर थांबली. बराच वेळ कोणी बोललं नाही. उतरून मोबाइलच्या टॉर्चने टायर बघितले, तर खाचा जवळजवळ गेल्या होत्या.

चूक गाडीची नव्हती. ऑल-व्हील ड्राइव्ह इंजिनची ताकद चार चाकांना वाटते. पण ब्रेक प्रत्येक गाडीत आधीपासूनच चारही चाकांना असतात, अगदी जुन्या आठशेतही. त्यामुळे थांबताना ऑल-व्हीलला जादा काहीही मिळत नाही. उलट ती निसरड्या रस्त्यावरही इतक्या सहज वेग घेते, की रस्ता निसरडा आहे हेच ड्रायव्हरला कळत नाही. रिअर-व्हील गाडी चाक फिरवून आधीच इशारा देते.

समृद्धीवर कारला सपाट भागात वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर ३३ मीटर तिथेच गेले. नंतर कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला साधारण ७० मीटर लागतात. पावसात पकड निम्मी झाली तर १४० मीटर. प्रतिक्रियेचे धरून पावणेदोनशे. हे आकडे ऑल-व्हीललाही तेच आणि रिअर-व्हीललाही तेच. ठरवतात फक्त टायर, रस्ता आणि वेग.

यातून मोठे मोठे रेसरही सुटलेले नाहीत. १९९२ च्या बाथर्स्ट शर्यतीत निसान जीटी-आर आघाडीवर होती, ऑल-व्हील, त्या काळची सर्वात दमदार. अचानक धो धो पाऊस आला आणि गाडीवर कोरड्या ट्रॅकचे गुळगुळीत टायर होते. ती घसरत आधीच ठोकलेल्या गाड्यांपाशी जाऊन थांबली. शर्यत थांबवून आधीच्या लॅपच्या क्रमावर निकाल लावला, म्हणून विजेतेपद तिलाच मिळालं. हायवेवर मागच्या लॅपचा निकाल धरत नाहीत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ऑल-व्हील आणि फोर बाय फोर एकच का?
नाही. साध्या फोर बाय फोरमध्ये पुढचे आणि मागचे ॲक्सल एकमेकांना घट्ट बांधले जातात. चिखलात हे उत्तम. पण कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, त्यामुळे गिअरवर ताण येतो. म्हणून थारसारख्या गाडीत फोर बाय फोर निसरड्या जागीच लावायचं. ऑल-व्हील कायम चालू राहू शकते.

थार रिअर-व्हील घ्यावी की फोर बाय फोर?
जानेवारी २०२३ पासून थार रिअर-व्हीलमध्येही मिळते आणि ती स्वस्त पडते. रोज शहर आणि हायवे असेल तर रिअर-व्हील पुरे. पावसाळ्यात शेतवस्तीवर काळ्या रानातून जायचं असेल तर फोर बाय फोरचे पैसे वसूल होतात.

ड्रिफ्टसाठी रिअर-व्हीलच लागते का?
सोपी तीच. म्हणूनच २०१७ ला आलेल्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये ऑल-व्हील असूनही फक्त मागच्या चाकांवर चालायची सोय दिली आहे. पण ड्रिफ्ट गेममध्ये किंवा बंद ट्रॅकवर. गावच्या रस्त्यावर नाही.

ट्रॅकवर शिकायचं असेल तर?
आधी गो-कार्ट. नंतर चेन्नईजवळचं मद्रास सर्किट किंवा कोइम्बतूरचं कारी, तिथे प्रशिक्षण मिळतं. सुरुवात कमी ताकदीच्या गाडीने करा.

माझी गाडी साधी फ्रंट-व्हील आहे, मी काय करू?
टायर बघा. खाचांच्या मध्ये लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, म्हणजे खाच १.६ मिलिमीटरवर आली, की टायर संपला. पावसाळ्याआधी हे काम पाच मिनिटांचं आहे. हवा तपासायला आणखी पाच.

माझ्या मित्राने त्या रात्रीनंतर चारही टायर बदलले. गाडी तीच आहे, ऑल-व्हीलच. पण पाऊस लागला की आता तोच आधी वेग कमी करतो, मला सांगावं लागत नाही.